नफा दिसतो, पण खात्यात पैसे नाहीत: कामकाजाच्या कॅश फ्लोमधला अडथळा कसा शोधायचा

एप्रिल उजाडला की कच्चा ताळेबंद हातात येतो. नफा बरा दिसतो, आगाऊ कर भरून झालेला असतो, आणि त्याच आठवड्यात सीसी खाते (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत बँकेकडून उचलता येणारे कर्ज) मर्यादेला टेकलेले असते. मालक विचारतो, नफा झाला तर पैसे गेले कुठे? हिशेबनीस म्हणतो, सगळ्या नोंदी बरोबर आहेत. दोघांचेही खरे असते, आणि पुढच्या एप्रिलला हेच संभाषण पुन्हा होते.

गोव्यात हे दुखणे जास्त सतावते, कारण इथले बहुतेक धंदे हंगामावर चालतात. काजू कारखान्याला वर्षभराची बी मार्च ते मे या तीन महिन्यांत भरून ठेवावी लागते. हॉटेलची कमाई ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत होते आणि पावसात खर्च तेवढा उरतो. मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. हिशेबाचे वर्ष मात्र सगळ्यांसाठी 31 मार्चलाच संपते. त्या एका दिवसाचा फोटो कुणाच्या बाबतीत भरलेल्या गोदामाचा असतो, तर कुणाच्या बाबतीत भरलेल्या गल्ल्याचा. म्हणून आकडा चांगला की वाईट हे ठरवण्याआधी तो कशाने बनला हे पाहावे लागते.

आधी योग्य कागद

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला कॅश फ्लो रिपोर्ट पुढे ठेवून चर्चा सुरू केली तर सुरुवातच चुकते. तो रिपोर्ट रोख आणि बँक खात्यांत महिन्याला किती आले, किती गेले एवढेच सांगतो. नफ्याचे रूपांतर रोकडीत का झाले नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी हवे ते रोख प्रवाह पत्रक: नफ्यापासून सुरू होणारे आणि बँकेतल्या शिलकेवर संपणारे. जुन्या लेखा मानकाप्रमाणे ते एएस 3, मोठ्या आणि सूचीबद्ध कंपन्यांसाठी इंड एएस 7. कंपनी कायद्यात एकल व्यक्ती कंपनी आणि लहान कंपनी यांना हे पत्रक जोडण्यापासून सूट आहे, म्हणून गोव्यातल्या बऱ्याच खासगी कंपन्यांच्या वार्षिक कागदांत ते नसतेच. सूट आहे म्हणून करू नये असे नाही. सीएकडून मागून घ्या, किंवा दोन वर्षांचे ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक घेऊन स्वतः मांडा. पहिल्यांदा अर्धा दिवस लागतो, नंतर तासाभरात होते.

मांडणी अप्रत्यक्ष पद्धतीची. करपूर्व नफा घ्या. ज्या खर्चात पैसा गेला नाही तो परत मिळवा, जसा घसारा, म्हणजे यंत्र-गाड्यांच्या झिजेची नोंद. जे उत्पन्न किंवा खर्च कामकाजाचे नाही ते बाजूला काढा. मग साठा, येणी, देणी यांतला, म्हणजे खेळत्या भांडवलातला बदल लावा, आणि शेवटी प्रत्यक्ष भरलेला कर वजा करा.

एक पूर्ण उदाहरण

सत्तरी-डिचोली पट्ट्यातला एक काजू कारखाना धरू. आकडे नमुन्याचे आहेत, सर्व लाखांत. वर्षाची विक्री 540 वरून 620 वर गेली, म्हणजे धंदा वाढतो आहे.

करपूर्व नफा: 42
घसारा मिळवा: 18
बँकेचे व्याज मिळवा: 22
मुदत ठेवीचे व्याज वजा: 3
जुना टेम्पो विकून झालेला नफा वजा: 2
खेळत्या भांडवलाच्या बदलाआधी: 77

साठा 110 वरून 178, वजा: 68
येणी 64 वरून 93, वजा: 29
जीएसटी क्रेडिट, टीडीएस वगैरे 14 वरून 21, वजा: 7
मालाची देणी 48 वरून 65, अधिक: 17
ग्राहकांची आगाऊ रक्कम 5 वरून 9, अधिक: 4
पगार, पीएफ, बोनस देणे 11 वरून 13, अधिक: 2
कामकाजातून आलेली रोकड, कराआधी: उणे 4
भरलेला कर वजा: 12
कामकाजातून निव्वळ रोकड: उणे 16

मालकाच्या डोक्यात सहसा नफा अधिक घसारा एवढाच हिशेब असतो, म्हणजे इथे 60 लाख. प्रत्यक्षात कामकाजाने 16 लाख खाल्ले. हे 76 लाखांचे अंतर कोणत्या ओळीने किती केले, ते आता कागदावर दिसते.

खालचा भागही जुळवून घ्या. यंत्रांसाठी 25 गेले, टेम्पोचे 4 आले, ठेवीचे व्याज 3 आले: गुंतवणुकीत उणे 18. सीसी 70 वरून 122 झाले म्हणून अधिक 52, मुदत कर्जाचे हप्ते 14, व्याज 22: वित्तपुरवठ्यात अधिक 16. एकूण उणे 18. वर्षाच्या सुरुवातीची रोकड 25, शेवटची 7. जुळले.

बेरीज जुळली तरी वर्गवारी चुकलेली असू शकते

या कारखान्याच्या ताळेबंदात एकूण देणी 71 होती, 65 नव्हे. वरचे 6 लाख नव्या ड्रायरच्या पुरवठादाराचे. हिशेबनीस सवयीने 48 ते 71 असा 23 चा फरक कामकाजात धरतो आणि यंत्रखरेदी पूर्ण 31 दाखवतो. मग कामकाज उणे 10 येते, गुंतवणूक उणे 24, आणि शेवटची शिल्लक तीच 7. बेरीज जुळल्यामुळे चूक कुणाला दिसत नाही, पण कामकाज आहे त्याहून 6 लाखांनी बरे भासते. उपाय सोपा आहे: देण्यांची यादी नावानिशी काढा आणि यंत्र, बांधकाम, फर्निचर यांचे पुरवठादार वेगळ्या गटात टाका. टॅलीत त्यांच्यासाठी वेगळा गट एकदाच करून ठेवला की दरवर्षी खटपट उरत नाही.

अशाच आणखी दोन जागा. नवी गाडी कर्जावर घेतली आणि बँकेने पैसे थेट डीलरला दिले, तर ती रक्कम तुमच्या खात्यातून गेलेलीच नाही. ती गुंतवणुकीतही नको आणि कर्जातही नको. तुमच्या खिशातून गेलेली मार्जिनची रक्कम तेवढी दाखवा. दुसरी जागा आयात बीची. आफ्रिकेतून बी आणताना एलसीसाठी (विक्रेत्याला पैसे मिळतील अशी बँकेची हमी) बँक मार्जिनची मुदत ठेव अडकवते. ती ठेव रोकड नव्हे. घेतल्या दिवसापासून तीन महिने किंवा कमी मुदतीची आणि हवी तेव्हा मोडता येणारी रक्कमच रोकडीत धरायची. ही ठेव रोकडीत धरली तर पत्रक म्हणते पैसे आहेत आणि बँक म्हणते हात लावू नका.

शेवटची शिल्लक जुळतच नसेल तर फरकाची रक्कम घ्या आणि तिला 2 ने भागा. येणारा आकडा ताळेबंदातल्या एखाद्या बदलाशी जुळला तर तुम्ही तिथे अधिकच्या जागी उणे केले आहे. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल शोधा, 54 च्या जागी 45 अशी. दोन्ही नाही, तर घसाऱ्याखेरीजच्या रोकडीविना नोंदी पाहा: बुडीत येण्यांची तरतूद, ग्रॅच्युइटीची तरतूद, स्थगित कर, परकीय चलनाच्या फेरमोजणीतला फरक. बहुतेकदा तरतूद नफ्यात परत मिळवलेली असते आणि शिवाय देण्यांच्या वाढीतही मोजलेली असते.

साठा: सर्वांत मोठी ओळ, सर्वांत कमी तपासलेली

68 लाख साठ्यात गेले. हा आकडा एकसंध ठेवून काही कळत नाही, फोडावा लागतो. आपल्या कारखान्यात कच्ची बी 38 ने वाढली, अख्खा गर 9 ने, तुकडा 17 ने, आणि डबे-पिशव्या 4 ने. प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

बीची 38 ची वाढ घाबरण्यासारखी नसावी. यंदा पीक लवकर आले, मार्चमध्येच खरेदी उरकली, एवढेच असू शकते. मागच्या वर्षी हीच खरेदी एप्रिलमध्ये पडली असेल तर 31 मार्चची तुलनाच फसवी आहे. खात्री करायची तर दोन्ही वर्षांचा 31 मेचा साठा समोरासमोर ठेवा. हंगाम संपल्यावरही फरक टिकला तर खरी वाढ, नाही तर तारखेचा खेळ.

तुकड्याची 17 ची वाढ मात्र अडकलेला पैसा आहे. डब्ल्यू-240, डब्ल्यू-320 या प्रतींच्या अख्ख्या गराला पर्यटकांच्या दुकानांत आणि चवथ-दिवाळीच्या भेटींत मागणी असते. तुकडा मिठाईवाले, आइस्क्रीमवाले आणि बेकऱ्या घेतात, आणि त्यांच्याशी वर्षाचा व्यवहार ठरलेला नसेल तर तो गोदामात साचतो. शिवाय तो साठ्यात कोणत्या भावाने धरला आहे ते पाहा. अख्ख्या गराचा सरासरी उत्पादन खर्च तुकड्यालाही लावला असेल तर साठा फुगलेला आहे. नियम आहे की खर्च आणि मिळू शकणारी निव्वळ विक्री किंमत यांतली कमी असेल ती धरायची.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण कामकाजाच्या रोकडीचा खरा उपयोग याच ठिकाणी दिसतो. ताजी बी ओलसर असते आणि उन्हात वाळताना तिचे वजन घटते. गोदामाच्या वहीत खरेदीचेच वजन पुढे ओढले असेल, तर वर्षअखेरीस नसलेल्या बीचाही साठा दिसतो. समजा 178 मध्ये असे 9 लाख आहेत. ते काढले तर नफा 42 वरून 33 होतो. साठ्याची वाढही 68 वरून 59 होते. कामकाजाची रोकड मात्र उणे 16 ची उणे 16 राहते. साठ्याचे मूल्य कितीही वरखाली केले तरी ती हलत नाही, कारण पैसा हललेलाच नाही. म्हणून नफा सलग वाढतो, साठाही सलग वाढतो आणि कामकाजाची रोकड हलत नाही, असे दोन-तीन वर्षे दिसले तर पहिली शंका साठ्याच्या मोजणीवर घ्या.

मोजणी तपासायला उताऱ्याचा हिशेब पुरतो. साधारण चार ते साडेचार किलो बीपासून एक किलो गर मिळतो. वर्षभरात फोडलेली बी आणि निघालेला गर यांचे प्रमाण काढा. वहीप्रमाणे 40 टन बी फुटली असेल तर गर 9 ते 10 टनांच्या आसपास निघायला हवा. वहीत त्याहून पुष्कळ जास्त गर दिसत असेल तर एक तर फोडलेल्या बीची पूर्ण नोंद नाही, म्हणजे फुटलेली बी अजून साठ्यात दिसते आहे, किंवा गरच फुगवून लिहिला आहे. पुष्कळ कमी दिसत असेल तर उतारा घसरला आहे किंवा माल वहीबाहेर जातो आहे. न फोडलेल्या बीच्या पोत्यांचे मात्र नमुन्याने पुन्हा वजन करावेच लागते, दुसरी वाट नाही.

येणी: वाढीमुळे किती, ढिलाईमुळे किती

येणी 29 ने वाढली. विक्रीही वाढली, त्यामुळे काही वाढ साहजिक आहे. किती? विक्रीच्या प्रमाणात 64 चे 64 × 620 ÷ 540, म्हणजे 73.5 झाले असते. तेव्हा 9.5 लाख वाढीचे, आणि उरलेले 19.5 लाख वसुली सैल झाल्याचे. दिवसांत सांगायचे तर 43 दिवसांची उधारी 55 दिवसांवर गेली. हे दोन आकडे वेगळे केले नाहीत तर विक्री खाते म्हणत राहते की धंदा वाढला की येणी वाढणारच, आणि ते अर्धेच खरे असते.

दिवस काढताना एक चूक सर्रास होते. येण्यांत जीएसटी धरलेला असतो, विक्रीत नसतो. गरावर 5 टक्के असल्याने इथे फरक थोडा पडतो. 18 टक्क्यांच्या मालात मात्र 60 दिवसांची उधारी 71 दिवसांची दिसते. येण्यांतून जीएसटी काढून मगच भागाकार करा.

त्यानंतर वयानुसार यादी: 30 दिवसांपर्यंत, 31 ते 60, 61 ते 90, आणि 90 वरची. वय बिलाच्या तारखेपासून मोजा. आणि आलेले पैसे बिलाला लावलेले आहेत का ते आधी पाहा. टॅलीत पावती खात्यावर नुसती जमा केली असेल तर जुनी बिले उघडीच राहतात आणि यादी खोटे म्हातारपण दाखवते.

हॉटेलांच्या येण्यांत वेगळाच साका साचतो. ऑनलाइन बुकिंग साइटवरून आलेली एक खोली घ्या: भाडे 5,000, जीएसटी 5 टक्के म्हणजे 250, पाहुण्याने साइटला दिले 5,250. साइटचे कमिशन 18 टक्के धरू, 900. त्यावर 18 टक्के जीएसटी 162. जीएसटीखाली अर्धा टक्का टीसीएस (साइटने कापून सरकारकडे भरलेला कर), 25. आयकराचा 0.1 टक्का टीडीएस, 5. हॉटेलच्या खात्यात येतात 4,158. हिशेबात साइटच्या नावावर 5,250 येणे लिहिले आणि 4,158 जमा केले, की 1,092 येण्यांत पडून राहतात. त्यांतले 1,062 कधीच येणार नाहीत, तो खर्च आहे. रोज 7,500 रुपयांपर्यंतच्या खोल्यांना 22 सप्टेंबर 2025 पासून इनपुट क्रेडिटविना 5 टक्के दर असल्याने कमिशनवरचा जीएसटीही परत मिळत नाही. हजार खोली-रात्रींना 10 लाख 62 हजारांचा खोटा नफा आणि तेवढीच खोटी येणी. वसुलीसाठी कितीही फोन केले तरी ती हटणार नाहीत, कारण समोर कुणी देणेकरीच नाही. दर महिन्याला साइटचे कमिशन बिल उतरवून नोंद करणे हा एकच इलाज. उरलेले 30 रुपये खरे येणे आहे: 25 जीएसटी पोर्टलवर टीसीएसचे विवरण स्वीकारल्यावर रोख खातेवहीत येतात, आणि 5 आयकर विवरणात वळते होतात. पोर्टलवर स्वीकारायचे राहून गेल्याने वर्षानुवर्षे पडून राहिलेली रक्कम अनेक हॉटेलांत निघते. आजच पाहून घ्या.

वेर्णा, कुंडई, तिवीच्या वसाहतींत मोठ्या कंपन्यांना सुटे भाग, पॅकिंग किंवा जॉबवर्क देणाऱ्या कारखान्यांकडे हत्यारे आहेत, ती वापरली जात नाहीत. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादक व सेवा पुरवठादारांचे पैसे लेखी करार असल्यास कमाल 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. 2023-24 या आर्थिक वर्षापासून अशा थकलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला ती प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच मिळते. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये पाठवलेल्या आठवणपत्राला वजन असते. पत्रात उद्यम क्रमांक आणि बिलवार यादी हवी. निव्वळ व्यापाऱ्यांना मात्र या वजावटीच्या नियमाचा आधार मिळत नाही. संबंध बिघडवायचे नसतील तर ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर बिल वटवा, म्हणजे मुदतीआधी त्याचे पैसे घ्या. 250 कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी बंधनकारक केली आहे, आणि तिथे वटवलेल्या बिलाची जोखीम विक्रेत्यावर परत येत नाही. म्हणून ती रक्कम कामकाजात दाखवता येते. बँकेकडून तुमच्या जबाबदारीवर वटवलेले बिल मात्र कर्जच, ते कामकाजात घालू नका.

एकाच ग्राहकावर येणी साचली असतील तर ते वेगळे मोजा. खाणी 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये थांबल्या, तेव्हा ट्रक, बार्ज आणि दुरुस्तीच्या धंद्यांची सगळी कमाई एकाच उद्योगावर उभी होती. गाड्यांचे हप्ते चालू राहिले, भाडे थांबले.

उलटे दुखणे: कामकाजाची रोकड छान, तरी घुसमट

पत्रकात अधिक आकडा दिसतो आणि तरीही एप्रिलमध्ये धावपळ होते, तेव्हा देण्यांची ओळ बघा. पुरवठादारांना मार्चमध्ये पैसे दिलेच नाहीत तर 31 मार्चची रोकड सुरेख दिसते. शिवाय मार्चचा जीएसटी 20 एप्रिलला, पीएफ 15 एप्रिलला आणि मार्चचा टीडीएस 30 एप्रिलपर्यंत भरायचा असतो. म्हणजे वर्षअखेरीस दुसऱ्यांचे पैसे आपल्या खात्यात मुक्कामाला असतातच. हॉटेलांत यात पाहुण्यांच्या आगाऊ रकमांची भर पडते. ऑक्टोबरात नाताळची आगाऊ रक्कम आली की त्या तिमाहीचे कामकाज झळाळते, पण ती सेवा अजून द्यायची आहे. आगाऊ रक्कम थेट विक्रीत जमा करणारे हिशेब तर दोनदा फसवतात.

तपासणी अशी करा: हेच पत्रक 31 मार्चऐवजी 30 एप्रिलला मांडा. वैधानिक देणी आणि मार्चचे पगार भरून झाल्यावर जे उरते ते तुमचे. दोन तारखांमध्ये मोठी दरी असेल तर दरवर्षी ती तेवढीच आहे की वाढते आहे ते पाहा. वाढत असेल तर पुरवठादारांच्या पैशावर धंदा चालू आहे. याला आणखी एक काठी बसते: पुरवठादाराला बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलाचे जीएसटी क्रेडिट उलटवावे लागते.

बँक कमी का देते

सीसी मर्यादा मंजूर असते 150 लाख, पण उचलता येते ती महिन्याच्या साठा विवरणावरून. आपल्या कारखान्यात मंजुरीपत्र म्हणते: साठ्यावर 25 टक्के मार्जिन (तेवढ्या भागावर बँक कर्ज देत नाही), 90 दिवसांच्या आतल्या येण्यांवर 40 टक्के. साठा 178, त्यातून न दिलेल्या मालाचे 65 वजा, उरले 113. त्याचे 75 टक्के, 84.75. येणी 93, त्यांतली 90 दिवसांवरची 18 वजा, उरली 75. त्याचे 60 टक्के, 45. उचल क्षमता 129.75. वापरले 122. म्हणजे शिल्लक पावणेआठ लाख आणि खात्यात 7. एप्रिलची बी खरेदी पंधरा लाखांपेक्षाही कमी पैशांत करायची आहे, आणि शेतकरी रोखीने मागतो. हे गणित फेब्रुवारीत केले असते तर तुकडा काढून आणि जुनी 18 लाखांची येणी वसूल करून मोकळे होता आले असते. जुन्या येण्यांवर बँक एक रुपयाही देत नव्हती, त्यामुळे ती वसूल झाली असती तर सगळीच्या सगळी नवी रोकड होती.

रोकड चक्राचे दिवस, म्हणजे साठ्याचे अधिक येण्यांचे वजा देण्यांचे दिवस, काढले की कारण एका दृष्टिक्षेपात दिसते. विकलेल्या मालाचा खर्च 405 वरून 465 धरला तर साठा 99 दिवसांवरून 140 वर, येणी 43 वरून 55 वर, देणी 43 वरून 51 वर. एकूण चक्र 99 वरून 144. वाढलेले 45 दिवस गुणिले रोजचा 1.27 लाख खर्च, म्हणजे सुमारे 57 लाख. सीसी 52 ने का वाढले याचे उत्तर यातच आहे.

दुसऱ्याच्या कंपनीचे पत्रक वाचताना

शेअर घेण्यासाठी सूचीबद्ध कंपनी पाहत असाल तर एका वर्षावर जाऊ नका. पाच वर्षांची कामकाजाची रोकड आणि पाच वर्षांचा करोत्तर नफा यांची बेरीज शेजारी मांडा. घसारा मिळवलेला असल्याने रोकड सहसा नफ्याहून जास्त असायला हवी. सतत कमी असेल तर येणी, साठा किंवा इतर चालू मालमत्ता यांतली कुठली ओळ फुगते ते शोधा.

1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 हे भाडेपट्ट्यांचे मानक लागू झाले. त्याआधी जागेचे भाडे कामकाजातून वजा होत असे. आता बहुतेक भाडे कर्जफेडीसारखे वित्तपुरवठ्यात जाते. भाड्याच्या जागांवर चालणाऱ्या हॉटेल, दुकान, रुग्णालय कंपन्यांची कामकाजाची रोकड त्या वर्षी काही न बदलता उंचावली. तुलना करताना भाडेपट्ट्याची फेड आणि त्यावरचे व्याज वजा करून घ्या. व्याजही इंड एएस 7 प्रमाणे बिगरवित्तीय कंपनीत वित्तपुरवठ्यातच असते, म्हणून कर्जबाजारी कंपनीची कामकाजाची ओळ व्याजाआधीची आहे हे लक्षात असू द्या. दुरुस्तीचा खर्च मालमत्तेत टाकला तरी कामकाज सुधारलेले दिसते, तेव्हा मालमत्तेत भर किती आणि खोल्या किंवा क्षमता किती वाढली, हे ताडून पाहा.

आणि बँक शिल्लकच खोटी असेल तर हे सारे पत्रक खोटे. जानेवारी 2009 मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी कबूल केले की ताळेबंदातले 5,040 कोटी रुपये रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हते. यासाठी एक साधी पडताळणी: मिळालेले व्याज भागिले सरासरी ठेवी. बँका देतात त्याच्या आसपासचा दर निघाला नाही तर टिपा बारकाईने वाचा.

पावसाआधीचे काम

धंदा स्वतःचा असेल तर वरचे पत्रक दर महिन्याला मांडा आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा, मागच्या महिन्याशी नको. हंगामी धंद्यात एप्रिल आणि मे यांची तुलना काही सांगत नाही. हॉटेलवाल्यांनी मे संपताना पुढच्या तेरा आठवड्यांचा तक्ता करावा: दर आठवड्याला येणारे, जाणारे, शिल्लक. त्यात पावसाळी डागडुजी वेगळ्या ओळीत हवी, नाही तर ती पगाराच्या पैशांतून होते. काजूवाल्यांनी हाच तक्ता जानेवारीअखेर करावा, बी यायच्या आधी, आणि त्याच्याबरोबर बँकेकडे हंगामापुरत्या वाढीव मर्यादेचा अर्ज, साठा विवरण आणि 90 दिवसांवरच्या येण्यांची नावानिशी यादी द्यावी. मार्चमध्ये अर्ज केला तर मंजुरी येईपर्यंत बोंडांचा हंगाम निम्मा सरतो.